'जागा' ते 'घर' : 'घरौंदा' (१९७७) आणि महानगरातील घरखरेदीचा नैतिक पेच

प्रस्तावना :

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा होत, हे विधान शालेय पाठ्यपुस्तकापासून सर्वांच्या परिचयाचे आहे. या तिहींपैकी निवारा ही एकच गरज अशी आहे की, ती भागविण्यासाठी शहरातील मध्यमवर्गीय माणूस आपल्या पुढील पंधरा-वीस वर्षांची मिळकत आधीच बांधून टाकतो. साहजिकच घर विकत घेण्याचा प्रश्न हा केवळ आर्थिक व्यवहाराचा प्रश्न राहत नाही. लग्न कधी करायचे, आईवडिलांना कोठे ठेवायचे, नोकरी सोडायची की टिकवायची, अपत्य केव्हा होऊ द्यायचे, या सर्व निर्णयांत घराची किंमत अदृश्यपणे भाग घेत असते. महानगरी जीवनाचे चित्रण करणाऱ्या साहित्याने आणि चित्रपटाने या प्रश्नाची दखल घेणे अपरिहार्य होते.

मात्र मराठी समीक्षेत महानगरी जाणिवेची चर्चा झाली ती प्रामुख्याने एकाकीपणा, यांत्रिकता, गर्दी, झोपडपट्टी आणि गुन्हेगारी या अंगांनी. पगारदार माणसाने घर विकत घेण्यासाठी केलेली धडपड हा विषय त्या मानाने उपेक्षित राहिला. भीमसेन दिग्दर्शित 'घरौंदा' हा १९७७ चा हिंदी चित्रपट या विषयाला थेट भिडतो. त्याची भाषा हिंदी असली तरी त्याची भूमी मुंबई आहे, आणि अमोल पालेकर व डॉ. श्रीराम लागू या मराठी रंगभूमीवरून आलेल्या दोन अभिनेत्यांनी त्यातील प्रमुख पुरुष व्यक्तिरेखा साकारल्या आहेत. प्रस्तुत लेखात 'घरौंदा'ची या दृष्टीने चिकित्सा करून, त्यानंतरच्या काही चित्रपटांच्या संदर्भात त्याचे स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे. घर मिळविण्यासाठी माणूस कोणती किंमत मोजतो, आणि ती किंमत प्रत्यक्षात कोणाच्या वाट्याला येते, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

'जागा' या शब्दाची पार्श्वभूमी :

मुंबईच्या मराठीत घर शोधणारा माणूस 'घर' शोधत नाही, तो 'जागा' शोधतो. 'जागा मिळाली का?', 'जागेचं काय झालं?', 'जागा आहे, पण लांब आहे', असे प्रश्न व उत्तरे मुंबईकराच्या तोंडी सहज असतात. ज्या भाषेत घर, बिऱ्हाड, वाडा, खोली, वास्तू असे वेगवेगळ्या छटांचे शब्द उपलब्ध आहेत, त्या भाषेने महानगरात येऊन 'जागा' या सर्वांत कोरड्या शब्दाला पसंती द्यावी, ही बाब विचार करण्यासारखी आहे. 'जागा' या शब्दात भिंती नाहीत, माणसे नाहीत; आहे ती केवळ मोजता येणारी मोकळी भूमी. नोकरीच्या रिकाम्या पदालाही मराठीत 'जागा' म्हणतात. शहरात आलेल्या माणसाला दोन जागा मिळवाव्या लागतात, आणि मुंबईत नोकरी मिळते, छोकरी मिळते, पण खोली मिळत नाही, ही लोकोक्ती त्यांपैकी दुसरी किती दुर्मीळ होती हे सांगते.

या दुर्मिळतेला ठोस कारणे होती. बृहन्मुंबईची लोकसंख्या १९६१ च्या जनगणनेनुसार सुमारे ४१ लाख ५२ हजार होती. १९७१ मध्ये ती ५९ लाख ७० हजारांवर आणि १९८१ मध्ये ८२ लाख ४३ हजारांवर गेली. वीस वर्षांत शहर जवळजवळ दुप्पट झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठवली गेल्यामुळे भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्यात मालकांना स्वारस्य उरले नाही. ज्यांच्याकडे जुनी खोली होती ते ती सोडण्यास तयार नव्हते आणि नव्याने येणाऱ्यास पागडी मोजल्याखेरीज दार उघडत नव्हते. भाड्याचा मार्ग असा अरुंद झाल्यावर 'मालकी हक्काची सदनिका' हाच पर्याय पुढे आला. भाडेकरू म्हणून जगण्याची रीत असलेला मध्यमवर्ग खरेदीदार होऊ लागला, तो हौसेने नव्हे, तर निरुपायाने.

या संक्रमणाच्या आधीची अवस्था राजा ठाकूर यांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) या मराठी चित्रपटात दिसते. चाळीतील तोकड्या जागेत भरलेले कुटुंब आणि त्यात एकांताला पारखे झालेले नवविवाहित जोडपे हा त्याचा विषय. बासू चॅटर्जी यांनी त्यावरूनच 'पिया का घर' (१९७२) हा हिंदी चित्रपट केला. या दोन्ही चित्रपटांत जागेची टंचाई आहे. परंतु ती सोसण्याजोगी, किंबहुना विनोदाचा विषय होण्याजोगी आहे. कारण तेथे कुटुंब ही संस्था शाबूत आहे आणि भिंतींनी जे नाकारले ते माणसांच्या मायेने भरून काढता येते, असा विश्वास आहे. 'घरौंदा'मध्ये हा विश्वास उरलेला नाही. तेथे दोघांना स्वतंत्र घर हवे आहे, ते विकत घ्यायचे आहे, आणि त्यासाठी लागणारा पैसा त्यांच्या पगारातूनच उभा राहायचा आहे.

'घरौंदा'ची कथा आणि रचना :

'घरौंदा'ची कथा शंकर शेष या नाटककाराची. सुदीप (अमोल पालेकर) आणि छाया (झरीना वहाब) एकाच कार्यालयात नोकरी करतात. सुदीप इतर पुरुषांबरोबर एका खोलीत राहतो. छाया भावाच्या संसारात, दाटीवाटीत दिवस काढते. दोघांचे प्रेम आहे, परंतु लग्न करून राहायचे कोठे हा प्रश्न आहे. दोघे पै-पै साठवून बांधकाम चालू असलेल्या इमारतीत सदनिका घेण्याचे ठरवतात. बिल्डर फसवणूक करतो आणि साठवलेले पैसे बुडतात. याच वेळी कार्यालयाचे मालक मोदी (डॉ. श्रीराम लागू) छायाशी विवाह करण्याची इच्छा व्यक्त करतात. मोदी वयस्क, विधुर आणि हृदयविकाराने ग्रस्त आहेत. सुदीप छायाला सुचवतो की तिने हा विवाह करावा. मोदी फार काळ जगणार नाहीत, आणि त्यानंतर पैसा व घर दोन्ही आपले होईल. या सूचनेने छाया हादरते. पुढे ती मोदींशी विवाह करते, पण सुदीपच्या हिशेबाप्रमाणे नव्हे. मोदींची प्रकृती सुधारत जाते, छाया त्या नात्यात मनाने रुजते, आणि सुदीपच्या हाती पश्चात्ताप तेवढा उरतो.

'घरौंदा' या हिंदी शब्दाचा अर्थ मुलांनी खेळताना माती-वाळूचे केलेले लहानसे घर असा आहे. मराठीत त्याच्या जवळ जाणारा शब्द 'घरकुल'. खेळातले घर मोडले तरी कोणी त्याचा हिशेब मागत नाही. या चित्रपटात मात्र घर मोडते ते उभे राहण्यापूर्वीच, आणि त्याचा हिशेब अखेरपर्यंत संपत नाही.

चित्रपटाची रचना दोन गाण्यांच्या आधारे स्पष्ट होते. जयदेव यांनी संगीत दिलेल्या आणि गुलजार यांनी लिहिलेल्या या दोन्ही गाण्यांत भूपिंदर सिंग यांचा आवाज आहे. पहिल्या गाण्यात, रूना लैला यांच्या साथीने, दोन प्रेमी शहरात घर शोधत हिंडतात. दुसऱ्यात तोच पुरुषस्वर त्याच शहरात एकटा भटकतो. शहर तेच आहे, स्वर तोच आहे. कमी झाली आहे ती एक व्यक्ती. पूर्वार्धात शहर हे शक्यतांचे नाव असते, उत्तरार्धात तेच शहर तहानलेल्या माणसाच्या वणवणीचे नाव होते. गीतांचा असा रचनात्मक उपयोग तत्कालीन हिंदी चित्रपटात क्वचितच आढळतो. येथे गाणी कथेला थांबवत नाहीत, तर दोघांचे एक होणे आणि पुन्हा एकट्याचे एक उरणे यांतील अंतर मोजतात.

फसवणूक, बचत आणि कायदा :

'घरौंदा'तील फसवणूक ही अपवादात्मक घटना म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. सदनिका खरेदीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांसंबंधीचा अधिनियम त्या वेळी अस्तित्वात होता. किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी बिल्डरने लेखी करार करून त्याची नोंदणी करावी, घेतलेल्या रकमा वेगळ्या खात्यात ठेवाव्यात व त्या कारणासाठीच खर्च कराव्यात, अशी त्याची तरतूद होती. म्हणजे चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वी चौदा वर्षे सुदीप-छायासारख्यांचे संरक्षण कागदावर झालेले होते. असे असूनही पैसे बुडण्याचा प्रसंग प्रेक्षकांना अतिशयोक्त वाटला नाही, यातच त्या कायद्याच्या अंमलबजावणीवरचे भाष्य आले.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. सुदीप-छायांचे बुडालेले पैसे ही बचत आहे. त्या काळी सामान्य नोकरदाराला घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त होते. भविष्यनिर्वाह निधीतील उचल, मालकाकडून मिळणारे कर्ज, आयुर्विमा महामंडळ किंवा सहकारी संस्था यांचा आधार सर्वांना लाभत नसे. योगायोगाने १९७७ याच वर्षी हसमुखभाई पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी ही गृहकर्ज देणारी संस्था स्थापन झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, अर्थात म्हाडा, अस्तित्वात आले. खाजगी कर्ज आणि सार्वजनिक गृहनिर्माण हे दोन्ही मार्ग ज्या वर्षी रीतसर उघडत होते, त्याच वर्षी 'घरौंदा' त्या मार्गांवाचून अडलेल्या माणसांची कथा सांगत होता. त्यामुळे हा चित्रपट एका युगाच्या अखेरीचा दस्तऐवज ठरतो.

बचत बुडणे आणि कर्ज डोक्यावर बसणे यांत मूलभूत फरक आहे. बचत हा भूतकाळ असतो. ती बुडाली म्हणजे झालेले कष्ट वाया गेले. कर्ज हा भविष्यकाळ असतो. तेथे न केलेले कष्ट आधीच विकलेले असतात. सुदीपचे दुःख पहिल्या प्रकारचे आहे. तो रिकामा होतो, बांधला जात नाही. म्हणूनच तो पुन्हा एकदा जुगार खेळण्यास मोकळा असतो, आणि त्या जुगारात तो लावतो ते स्वतःचे काही नव्हे.

पणाला लागलेली छाया :

'घरौंदा'चा नैतिक केंद्रबिंदू सुदीपचा प्रस्ताव हा आहे. सर्वसाधारणपणे या प्रस्तावाकडे एका हताश प्रियकराचे स्खलन म्हणून पाहिले जाते. हा अर्थ अपुरा आहे. सुदीपने मांडलेला हिशेब हा बाजाराचाच हिशेब आहे: थोडा काळ थांबा, आज भांडवल गुंतवा, उद्या मालमत्ता ताब्यात येईल. बिल्डरने त्याला हेच सांगितले होते. फरक इतकाच की बिल्डरच्या योजनेत भांडवल म्हणून रोख रक्कम होती, सुदीपच्या योजनेत भांडवल म्हणून छाया आहे. फसवला गेलेला माणूस फसवणाऱ्याचीच भाषा शिकतो, आणि ती पहिल्यांदा वापरतो ती आपल्यापेक्षा दुर्बळ असलेल्या माणसावर. हे या चित्रपटाचे सर्वांत खोल निरीक्षण होय.

छाया कमावती आहे, ही गोष्ट येथे विसरता येणार नाही. बुडालेल्या बचतीत तिचाही वाटा आहे. पैसे गमावण्यात ती भागीदार आहे, मात्र पुढची योजना आखताना तिचे भागीदारपण संपते आणि ती योजनेतील वस्तू बनते. १९७० च्या दशकात नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीला मिळालेले अर्थार्जनाचे स्वातंत्र्य मालमत्तेच्या दारापाशी कसे थबकते, याचे हे नेमके चित्र आहे. झरीना वहाब यांनी छायाच्या मौनातून हा अपमान व्यक्त केला आहे. विवाहानंतर ती मोदींच्या मृत्यूची वाट पाहत नाही, त्यांची काळजी घेते. ही कृती पातिव्रत्याच्या पारंपरिक चौकटीत बसविण्याचा मोह होतो. परंतु तिचा अधिक संगत अर्थ असा की, ज्या हिशेबात तिला मोजले गेले तो हिशेब ती आपल्या वागण्याने खोटा पाडते.

मोदींच्या भूमिकेसाठी डॉ. लागू यांची झालेली निवड मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. १९७० मध्ये रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये त्यांनी गणपतराव बेलवलकर ही भूमिका प्रथम साकारली होती. स्वतःच्या मुलांच्या घरात परका झालेला आणि अखेर निवारा मागत फिरणारा तो वृद्ध मराठी मनावर कायमचा कोरला गेला. सात वर्षांनी तोच नट 'घरौंदा'मध्ये घर असलेला, पण घरात माणूस नसलेला गृहस्थ म्हणून येतो. त्यामुळे मोदी हा धनिक खलपुरुष होत नाही. त्याचे एकाकीपण खरे वाटते आणि सुदीपच्या हिशेबाचे क्रौर्य अधिक उघडे पडते. या भूमिकेसाठी डॉ. लागू यांना साहाय्यक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, हे उचितच झाले.

'घरौंदा'ची मर्यादा :

असे असले तरी या चित्रपटाची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. पूर्वार्धात उभा केलेला प्रश्न सामाजिक आहे: शहराला ज्यांच्या श्रमाची गरज आहे, त्यांना राहण्यासाठी शहरात स्थान का नाही? उत्तरार्धात कथेचे केंद्र बिल्डरकडून सुदीप, छाया आणि मोदी या त्रिकोणाकडे सरकते. ज्याने पैसे बुडवले त्याच्या अपराधापेक्षा ज्याचे पैसे बुडाले त्याचा अपराध मोठा होऊन बसतो. अखेरीस प्रेक्षक सुदीपचा न्याय करून बाहेर पडतो. बिल्डरचा न्याय करणे राहून जाते. सामाजिक अन्यायाचे व्यक्तिगत पापात झालेले हे रूपांतर भावनाप्रधान कथनाच्या परंपरेला धरून आहे.

या मर्यादेचा दुसरा अर्थही संभवतो. वास्तवातही असेच घडते. घर न मिळालेला माणूस व्यवस्थेला दोष देण्यापूर्वी स्वतःला दोष देतो: वेळीच घेतले असते तर, थोडे लांब घेतले असते तर, त्या माणसावर विश्वास ठेवला नसता तर. या स्वदोषाच्या मानसिकतेचे चित्रण म्हणून उत्तरार्ध वाचला तर तो अधिक प्रत्ययकारी ठरतो. मात्र हा अर्थ प्रेक्षकाला शोधावा लागतो. चित्रपट तो स्वतःहून पुढे ठेवत नाही.

नंतरचे तीन टप्पे :

'घरौंदा'ने अर्धवट सोडलेला बिल्डरचा धागा कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों' (१९८३) या चित्रपटाने उचलला. तर्नेजा आणि आहुजा हे प्रतिस्पर्धी बिल्डर, पालिका आयुक्त डिमेलो, कोसळणारा पूल आणि सत्य उघड करू पाहणारे दोन छायाचित्रकार यांच्याद्वारे मुंबईतील बांधकामाच्या अर्थव्यवहाराचे उपहासात्मक दर्शन येथे घडते. अखेरीस गुन्हेगार सुटतात आणि निरपराध छायाचित्रकार कैद्यांच्या वेशात रस्त्यावर दिसतात. येथे बिल्डर केंद्रस्थानी आहे, परंतु घर घेणारा माणूस मात्र नाहीसा झाला आहे. 'घरौंदा'मध्ये बळी होता, अपराधी नव्हता. येथे अपराधी आहे, बळी नाही. एकाच प्रश्नाच्या दोन बाजू दोन चित्रपटांत विभागल्या गेल्या, ही त्या काळाची मर्यादा म्हणावी लागेल.

दोन्ही बाजू समोरासमोर आणण्याचे काम पुढे मुंबईबाहेरच्या एका कथेने केले. दिबाकर बॅनर्जी यांच्या 'खोसला का घोसला' (२००६) मध्ये दिल्लीतील निवृत्तीला आलेला गृहस्थ आयुष्यभराच्या बचतीतून भूखंड घेतो, आणि खुराना हा दलाल-बिल्डर तो बळकावतो. पोलीस व कायदा यांचा उपयोग होत नाही, तेव्हा खोसला कुटुंब नाटकमंडळींच्या मदतीने खुरानालाच फसवते आणि आपला भूखंड परत मिळवते. प्रेक्षक मनापासून हसतो. परंतु हे हास्य अस्वस्थ करणारे आहे. सुदीपने फसवणाऱ्याची भाषा शिकून ती छायावर वापरली, खोसला कुटुंब ती मूळ अपराध्यावर वापरते, ही नैतिक प्रगती खरीच. तथापि न्याय मिळविण्यासाठी सज्जनाला लबाड व्हावे लागते हे गृहीतक दोन्हींकडे समान आहे.

तिसरा टप्पा आनंद तिवारी यांच्या 'लव्ह पर स्क्वेअर फूट' (२०१८) या चित्रपटाचा. येथे कथा पुन्हा मुंबईत येते. संजय चतुर्वेदी रेल्वेच्या सरकारी निवासात आईवडिलांबरोबर राहतो आणि वडिलांच्या निवृत्तीनंतर ते घर सोडावे लागणार आहे. करीना डिसूझा आईबरोबर मोडकळीस आलेल्या जुन्या घरात राहते. विवाहित जोडप्यांसाठीच्या संयुक्त गृहयोजनेत भाग घेता यावा म्हणून हे दोघे जोडपे म्हणून अर्ज करतात, घर मंजूर होते, आणि मग प्रेम, धर्मभेद व दोन्ही कुटुंबांचे आक्षेप असा क्रम सुरू होतो.

वरवर पाहता हा हलकाफुलका चित्रपट 'घरौंदा'च्या विरुद्ध टोकाचा वाटतो. बारकाईने पाहिल्यास दोहोंतील मूळ कल्पना एकच आहे: घरासाठी विवाह. १९७७ मध्ये जी कल्पना अमानुष वाटली, तीच २०१८ मध्ये विनोदी व सोयीची कशी झाली? केवळ नीतिमूल्ये सैल झाली, असे उत्तर देणे उथळपणाचे होईल. खरा फरक दोन गोष्टींत आहे. पहिली, करीना योजनेतील वस्तू नाही; ती योजनेची सहकर्ती आहे आणि तिची संमती आरंभापासून आहे. दुसरी, घर दोघांच्या नावावर होणार आहे. विवाह घरासाठी वापरला गेला, यापेक्षा कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या नावाने, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. छायाला हे दोन्ही मिळाले नव्हते. या दृष्टीने मालमत्तेच्या कागदावरील स्त्रीचे नाव हा कायद्याचा तपशील न राहता समीक्षेचाही निकष बनतो. महाराष्ट्रात २०२१ पासून स्त्रीच्या नावे होणाऱ्या घरखरेदीस मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली जाते, ही तरतूद याच बदलाची द्योतक आहे. अर्थात कागदावर नाव आले म्हणजे निर्णयाचा अधिकारही आला, असे मात्र समजता येत नाही.

पडद्याबाहेर राहिलेले वास्तव :

या सर्व चित्रपटांत दोन गोष्टी पडद्याबाहेर राहिल्या आहेत. पहिली गोष्ट कर्जाची. आज पुण्यात हिंजवडी, वाकड वा खराडी भागात किंवा मुंबईच्या उपनगरांत सदनिका घेणारे जोडपे सुदीपसारखे रिकामे होत नाही. ते वीस-वीस वर्षांच्या हप्त्यांनी बांधले जाते. स्थावर संपदा अधिनियम, अर्थात रेरा, २०१६ मध्ये संमत झाला आणि १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यापूर्वी नोंदणीकृत करार, ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात, चटई क्षेत्राची निश्चित व्याख्या, विलंब झाल्यास व्याज अथवा परतावा, अशा तरतुदींमुळे खरेदीदाराची बाजू निश्चितच भक्कम झाली. तरीही प्रकल्प रखडला तर बँकेचा हप्ता थांबत नाही आणि राहत्या घराचे भाडेही थांबत नाही. 'ताबा' हा शब्द या अवस्थेत विलक्षण अर्थ धारण करतो. घराचा ताबा मिळेपर्यंत घराने माणसाचा ताबा घेतलेला असतो. ही दीर्घ, नाट्यहीन प्रतीक्षा दृश्यरूपात मांडणे कठीण आहे, म्हणूनच चित्रपट फसवणुकीपाशी सुरू होतात किंवा किल्ली हाती येण्यापाशी संपतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. ज्या जमिनीवर इमारत उभी राहते ती पूर्वी कोणाची तरी होती. प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा मराठी चित्रपट २०१८ याच वर्षी आला. पुण्याच्या परिसरातील शेतजमीन विकली गेल्यानंतर शेतकरी कुटुंबाची झालेली वाताहत आणि पुढच्या पिढीची गुन्हेगारीकडे झालेली वाटचाल त्यात येते. एका चित्रपटात घर मिळविणारे जोडपे आहे, दुसऱ्यात जमीन गमावलेले कुटुंब. एकाच वर्षी दोन भाषांत आलेल्या या कथा परस्परांस पूरक आहेत. परंतु सदनिका घेणारा आणि जमीन विकणारा हे दोघे एकाच कथेत समोरासमोर उभे राहिल्याचे या दोन्हींत दिसत नाही. महानगरी घराच्या कथनातील ही उणीव मराठी लेखकास आव्हान देणारी आहे, कारण या दोन्ही बाजूंची माणसे पुष्कळदा एकाच तालुक्यातील, कधी एकाच नात्यागोत्यातील असतात.

समारोप :

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. 'घरौंदा' हा प्रेमत्रिकोणाचा चित्रपट म्हणून ओळखला जात असला, तरी भाडेकरू मध्यमवर्गाचे खरेदीदार मध्यमवर्गात होणारे रूपांतर हा त्याचा खरा विषय आहे.

२. फसवला गेलेला माणूस फसवणुकीचे तर्कशास्त्र आत्मसात करतो आणि ते आपल्या निकटच्या व्यक्तीवर वापरतो, हे या चित्रपटाचे टिकाऊ निरीक्षण होय.

३. बिल्डरच्या अपराधाकडून नायकाच्या अपराधाकडे होणारे कथेचे स्थलांतर ही त्याची मर्यादा आहे. पण घर न मिळालेल्या माणसाच्या स्वदोषाचे प्रतिबिंबही त्यातच पडले आहे.

४. १९७७ ते २०१८ या काळात घराच्या शोकांतिकेचे स्वरूप बुडालेल्या बचतीकडून न फिटणाऱ्या कर्जाकडे सरकले; चित्रपटाने मात्र या बदलाची पुरेशी दखल घेतलेली नाही.

५. घर कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या नावाने घेतले जाते, हा निकष या विषयावरील कलाकृतींच्या मूल्यमापनात महत्त्वाचा मानला पाहिजे.

सुदीप आणि छाया यांना घर हवे होते, आणि शहराने त्यांना जागेचा भाव सांगितला. भाव ऐकून सुदीपने माणसाचाही भाव ठरवला, तेथेच त्याचे घर मोडले. चौरस फुटाचे दर वाढत राहतील, कायदे अधिक नेमके होतील, कर्जाच्या मुदती लांबतील. तरी घरखरेदीच्या प्रत्येक व्यवहारात 'घरौंदा'ने विचारलेला प्रश्न उभा राहणारच आहे. किमतीचा जो आकडा करारनाम्यात लिहिलेला असतो तो सर्वांना दिसतो. जी किंमत लिहिलेली नसते, ती घरातील कोणत्या माणसाने चुकती केली, हे पाहणे समीक्षेचे काम आहे, आणि घर घेणाऱ्या प्रत्येकाचेही.